बासनावरचा आकडा : पुण्याच्या सरकारी हस्तलिखित संग्रहाची पार्श्वभूमी

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातल्या एखाद्या पोथीचा हवाला अभ्यासक देतात तेव्हा तो साधारण असा असतो: अमुक क्रमांक, १८७५-७६ चा. संस्था तर १९१७ ची, मग पोथीच्या क्रमांकात हे साल आले कुठून, हा प्रश्न नव्याने अभ्यासाला लागलेल्या माणसाला पडतोच. पोथी लिहून झाली त्या वर्षाशी या सालाचा संबंध नाही. ती सरकारी संग्रहात दाखल झाली ते हे साल. पुढे संग्रहाचे घर बदलले, मालक बदलला, सांभाळणारी माणसे तर कितीदा बदलली. आकडे मात्र जुनेच राहिले. नव्या जागी आल्यावर एक पासून नवे क्रमांक घालण्याचा मोह कुणालाही झाला असता. तो टाळला गेला, हे आपले मोठे भाग्य. त्या आकड्यांमुळेच संग्रह कसकसा वाढला ते आज वाचता येते.

काही पोथ्यांच्या क्रमांकात साल नसते, ‘विश्रामबाग’ असते. हा सर्वांत जुना थर. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर ही दक्षिणा एकदम बंद केली तर असंतोष वाढेल, हे एल्फिन्स्टनला कळत होते. त्याच्यानंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या चॅपलिनने दक्षिणेच्या पैशातला काही भाग वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात शास्त्री व्याकरण, न्याय, वेदान्त, ज्योतिष शिकवू लागले आणि शिकवण्यासाठी पोथ्या जमल्या. जुने म्हणून जपावे असा हेतू त्यामागे नव्हता, त्या रोजच्या वापरातल्या पोथ्या होत्या. १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचा हातभार लागून येरवड्याच्या बाजूला दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेले. तेव्हा त्याचे नाव डेक्कन कॉलेज झाले होते.

हेतुपुरस्सर शोध सुरू झाला तो १८६६ मध्ये. मुंबई सरकारने गेओर्ग ब्यूलर आणि फ्रांत्स कीलहॉर्न या दोन तरुण जर्मन प्राध्यापकांना हाताशी धरले. ब्यूलर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, कीलहॉर्न पुण्यात. त्याच सुमारास दोघांनी मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. ग्रंथ छापायचे तर चांगल्या पोथ्या हव्यात. शोधाला निकड आली ती अशी. दोन वर्षांनी, १८६८ मध्ये, लाहोरच्या पंडित राधाकृष्ण यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून देशभरच्या संस्कृत ग्रंथांची यादी व्हावी असे सुचवले, सरकारी अधिकारी व्हिटली स्टोक्सने योजना आखली आणि हिंदुस्थान सरकारने या कामासाठी पैसे मंजूर केले. मुंबई इलाख्यात तोवर काम चालू झालेलेच होते.

ब्यूलर पुढे गुजरातेत शिक्षण खात्याचा निरीक्षक झाला. शाळा तपासायला गावोगाव जायचे आणि जिथे जाईल तिथे शास्त्र्यांच्या घरी, जैन भांडारांत पोथ्यांची चौकशी करायची. जी विकत मिळेल ती घ्यायची, जी मिळणार नाही तिची नक्कल करून घ्यायची, तेही जमले नाही तर निदान यादीत नोंद करायची. १८७४ मध्ये तो हर्मान याकोबी या तरुण जर्मन अभ्यासकाला घेऊन जैसलमेरला गेला. तिथल्या भांडारात बिल्हणाच्या विक्रमांकदेवचरिताची ताडपत्रावरची पोथी समोर आली. ती विकत मिळणे शक्य नव्हते. दोघांनी बसून आठवड्याभरात ती उतरवून काढली आणि पुढच्याच वर्षी ग्रंथ छापून बाहेर आला. कल्याणीच्या चालुक्यांचा इतिहास सांगणारे हे काव्य आज आपल्या हाती आहे ते त्या आठवड्यामुळे.

१८७५ चा काश्मीर दौरा हा या सगळ्या शोधाचा कळस. श्रीनगरात ब्यूलरला भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेल्या पोथ्या मिळाल्या. भूर्जाची साल जुनी झाली की ठिसूळ होते, तिचे पापुद्रे सुटतात, पान उलटतानाच कड तुटते. या पोथ्यांत ऋग्वेदाची एक पोथी होती. तिच्यात मुख्य संहितेबरोबर खिलसूक्ते, म्हणजे पुरवणीची सूक्ते, होती, तीही स्वरांच्या खुणांसह. शेफ्टेलोविट्झने १९०६ मध्ये खिलांची आवृत्ती काढली ती या काश्मिरी पोथीच्या आधारावर. त्याच दौऱ्यात ब्यूलरने जुन्या पोथ्यांवरून नव्या नकलाही करवून घेतल्या. म्हणून १८७५-७६ हा आकडा दिसला की पोथी जुनीच असणार, असे समजू नये. काहींची शाई तेव्हा नुकतीच वाळलेली होती.

एक गोष्ट मात्र मला या क्रमांकांत नेहमी खटकते. पोथी कोणत्या वर्षी घेतली ते कळते, कुणी घेतली तेही सालावरून ठरवता येते. कुठल्या घरातून आली, हे मात्र त्यात नाही. पिढ्यान्‌पिढ्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बासनात बांधून ठेवलेली पोथी ज्यांनी दिली, मग ती पैशासाठी असो की घरात वाचणारा कुणी उरला नाही म्हणून, त्यांचे नाव क्रमांकात येत नाही. कधी शेवटच्या पानावरच्या पुष्पिकेत लेखनिकाचे नाव, गाव, शक, तिथी असते. तेवढाच धागा.

मुंबईत साठलेल्या पोथ्या १८७८ मध्ये डेक्कन कॉलेजात आल्या आणि सरकारी संग्रह एका जागी झाला. कीलहॉर्न गेल्यावर १८८२ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथे प्राध्यापक झाले. त्या काळात मुंबईहून पीटर पीटरसन आणि पुण्याहून भांडारकर, असा दुहेरी शोध चालला. पीटरसनने खंबायतच्या शांतिनाथ भांडारातली ताडपत्रे पाहिली. भांडारकरांचे अहवाल तर निव्वळ खरेदीच्या याद्या नाहीतच. ग्रंथकार कोण, त्याने कुणाचा उल्लेख केला, म्हणून तो कुणाच्या नंतरचा, असा काळाचा माग ते पानोपानी काढत जातात. पुढे आबाजी विष्णू काथवटे, काशिनाथ बापूजी पाठक यांनी हे काम चालू ठेवले. १८८८ मध्ये श्रीधर भांडारकरांनी तोवरच्या संग्रहांची एकत्र सूची छापली. प्रत्येक पोथीचे आदि-अंत देणारी वर्णनात्मक सूची यायला १९१६ साल उजाडले.

६ जुलै १९१७ ला, भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, त्यांच्या नावाच्या संस्थेचे उद्‌घाटन झाले. टाटा बंधूंच्या देणगीतून इमारत झाली आणि १९१८ मध्ये सरकारने १७,००० हून अधिक पोथ्यांचा संग्रह तिच्या हवाली केला. एका सरकारी कॉलेजाने आपले सर्वांत मोलाचे धन दुसऱ्या संस्थेला दिले, ही साधी गोष्ट नव्हे. दिले नसते तर पुढे काय झाले असते, याचा विचार करावा असा प्रसंग लवकरच आला: १९३४ मध्ये सरकारने डेक्कन कॉलेजच बंद केले. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा साताऱ्याच्या संग्रहालयातून दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी जमवलेली ऐतिहासिक कागदपत्रे तिथे आली; नाना फडणिसांचे मेणवली दप्तर त्यातलेच. पोथ्या गेल्या त्या वास्तूत मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, आले. आज डेक्कन कॉलेज अभिमत विद्यापीठ आहे.

भांडारकर संस्थेत या पोथ्यांना परशुराम कृष्ण गोडे यांच्यासारखा क्युरेटर लाभला. मूळचे देवरुखचे. १९१९ पासून १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते या संग्रहाबरोबर राहिले. पोथीतला मजकूर महत्त्वाचा, पण ती कधी लिहिली हेही तितकेच महत्त्वाचे, हे त्यांनी शेकडो लेखांतून दाखवून दिले. जिलेबी आपल्याकडे किती जुनी? जिनसूराच्या पंधराव्या शतकातल्या प्रियंकरनृपकथेत मेजवानीच्या पदार्थांत ती आहे, तेव्हा निदान तितकी तरी. तंबाखू, ज्वारी अशा रोजच्या वस्तूंचा मागही त्यांनी याच रीतीने घेतला. कोशांत न सापडणारी उत्तरे त्यांना पुष्पिकांत सापडत गेली. पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावत. आपण कामावर हरताळ फासला म्हणतो तो हाच. ज्याने अशी पाने हाताळली आहेत त्याला भाषेतल्या त्या पिवळ्या डागाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये याच वास्तूत सुरू झाली, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. १,२५९ पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या. त्यावर स्वतंत्रच लिहायला हवे.

५ जानेवारी २००४ रोजी जमाव संस्थेत घुसला. कपाटे फोडली गेली, पुस्तके आणि पोथ्या जमिनीवर आल्या. पोथीचे बासन सुटले की पाने विखुरतात, कारण ती शिवलेली नसतात. दोन पोथ्यांची पाने एकमेकांत मिसळली की जाणकाराला अक्षराचे वळण, ओळींची संख्या, समासातले आकडे पाहत एकेक पान जुळवावे लागते. त्या दिवसांत पुण्यातले विद्यार्थी, निवृत्त लोक, कधी पोथी न पाहिलेली माणसे मदतीला आली. त्यांचे ऋण या संग्रहावर आहे आणि ते कुठल्याच क्रमांकात नोंदलेले नाही.

२००७ मध्ये युनेस्कोने इथल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्या जागतिक स्मृतिवारशात घेतल्या. २९ कागदावरच्या, देवनागरीतल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या पोथीवरचा काळ इसवी सन १४६४ चा. तिसावी ब्यूलरने श्रीनगरहून आणलेली भूर्जपत्राची. तिच्या बासनावर साल अजून १८७५-७६ हेच आहे.