दिवाळीत सरकारी रुग्णालयातल्या मुलांना खेळणी द्यायची आहेत? आधी हा अर्ज करा

सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागाला खेळणी द्यायला नोंदणीकृत संस्थाच हवी असं नाही. एकटी व्यक्ती, सोसायटी, गणेश मंडळ, शाळेचा एखादा वर्ग, कुणीही देऊ शकतं. मात्र पिशव्या घेऊन थेट वॉर्डात जाऊ नका. वस्तू स्वीकारायचा निर्णय सिस्टरच्या हातात नसतो.

अर्ज रुग्णालयाच्या प्रमुखांच्या नावे लिहा. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असेल तर अधिष्ठाता, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक. मोठ्या रुग्णालयात त्याआधी समाजसेवा अधीक्षकांना (वैद्यकीय) जरूर भेटा. कोणत्या वॉर्डात कोणत्या वयाची मुलं आहेत, गरज कशाची आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. खरेदी या भेटीनंतरच करा.

अर्जात एक गोष्ट स्पष्ट हवी: खेळणी वॉर्डात ठेवायची आहेत की मुलांनी घरी न्यायची आहेत? वॉर्डासाठी दिलेली टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढते आणि तिचा हिशेब सिस्टरना ठेवावा लागतो. मुलाने डिस्चार्जच्या दिवशी ती सोबत न्यावी असं वाटत असेल, तर ‘रुग्ण बालकांना वाटपासाठी’ असं लिहा.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत, वस्तूंची यादी (नग, किंमत, वयोगट) आणि खरेदीची पावती जोडा. संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि लेटरहेडवर पदाधिकाऱ्याची सही. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेऊन ती जपून ठेवा.

आता खेळण्यांविषयी. ती नवीच हवीत. घरातली जुनी, धुतलेली असली तरी नकोत, कारण आजारी मुलांमध्ये संसर्ग लवकर पसरतो. कापसाची मऊ खेळणी पुसून निर्जंतुक करता येत नाहीत. कर्करोगाच्या उपचारांत पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलांसाठी तर ती टाळावीतच. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते पाहूनच घ्या. बटण सेलवर चालणारं काही देऊ नका. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. फुगे आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे बारीक भागही नकोत.

एका हाताला सलाईन असतं, हे लक्षात ठेवून निवडा. मोठे ठोकळे, पुसता येणारी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, लुडो, प्रत्येकाला वेगळी चित्रवही आणि खडू. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी बहुतेक वेळा कुणीच काही आणत नाही, त्यांच्यासाठी कोडी आणि बुद्धिबळ घ्या.

मला स्वतःला सर्वांत जास्त गरज कुपोषित बालकांवर उपचार करणाऱ्या पोषण पुनर्वसन केंद्रांत वाटते. तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारांत खेळ हा औषध-आहाराइतकाच ठरलेला भाग आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा टप्प्यांपैकी नववा. रोज १५ ते ३० मिनिटं मुलाशी खेळायचं असतं. तिथे खुळखुळे, रंगीत चकत्या, एकात एक बसणारे डबे लागतात. जवळच्या जिल्हा रुग्णालयात असं केंद्र आहे का, हे आधी विचारा.

देणगीवरची प्राप्तिकर सवलत (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) वस्तुरूप देणगीला मिळत नाही, फक्त पैशांच्या देणगीला मिळते. परदेशातल्या मराठी मंडळांनी तिथून खोके पाठवण्याआधी विदेशी अंशदानाचे (परदेशातून येणाऱ्या देणग्यांचे) नियम तपासावेत, कारण संस्थेला पाठवलेली वस्तूही त्यात मोजली जाते. भारतीय पारपत्र असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत इथल्या नातेवाइकांना पैसे पाठवून इथेच खरेदी करणं सोपं.

खेळणी गिफ्ट पेपरात गुंडाळू नका, ती तपासावी लागतात. पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो काढू नका. दिवाळीच्या निदान तीन आठवडे आधी अर्ज द्या. उशीर झालाच तर जानेवारीची तारीख मागा, तेव्हा वॉर्डात सहसा कुणी काही घेऊन येत नाही.