आडनाव एक म्हणजे घराणं एक?

‘पुण्यातले सगळे कुलकर्णी मुळात एकाच घराण्याचे, घराणं वाढलं, तसं आडनाव वाढलं’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. वाचायला आपुलकीचा आहे, पण खरा नाही.

कुलकर्णी हे गावचं दप्तर आणि जमाखर्च सांभाळणाऱ्याचं पद. पाटीलही पदच. गावोगावी कुलकर्णी असायचे, त्यामुळे एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या असंख्य घरांना तेच नाव पडलं. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं, म्हणजे या पदाचे वंशपरंपरागत हक्क, गेली, आडनाव मात्र राहिलं.

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत जिन्याखालच्या पाटीवर तीन कुलकर्णी आहेत. गोत्रं तीन, कुलदैवतं तीन. मूळ गावं सासवडकडचं, पंढरपूरजवळचं आणि थेट बेळगावकडचं. नातं आहे का हे तपासायचं तर तुम्हीही आधी मूळ गाव आणि कुलदैवत विचारा, मग जमिनीच्या नोंदींतले जुने फेरफार बघा. जुन्या कागदांत तर पुष्कळदा आडनावच नसतं, ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच.

एखाद्या आडनावाचं प्रमाणही कायम राहत नाही. कामधंद्यासाठी माणसं शहरात येतात, कुणी राजपत्रात आडनाव बदलून घेतं. आणि आडनाव सहसा बापाकडूनच पुढे जात असल्याने, मोजक्या घरांत उरलेलं आडनाव एका पिढीत मुलीच झाल्या तरी संपतं. वंश चालूच असतो, फक्त दुसऱ्या आडनावाने.