चेक आणि स्लोव्हाक: वेगळं होतानाही न तुटलेलं बोलणं

१ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकिया संपला आणि त्याच्या जागी दोन देश उभे राहिले. त्याच सुमारास युगोस्लाव्हिया रक्तात बुडत होता, म्हणून या विभाजनाला जगाने 'मखमली घटस्फोट' म्हटलं. नाव गोड आहे, पण त्यामुळे दोन्ही लोक मुळातच समंजस होते आणि सगळं आपोआप जमलं असा समज होतो. तो बरोबर नाही.

चेक प्रदेश ऑस्ट्रियाच्या, तर स्लोव्हाक प्रदेश शतकानुशतकं हंगेरीच्या सत्तेखाली होता. १९१८ च्या मे महिन्यात पिट्सबर्ग इथे अमेरिकेतल्या चेक आणि स्लोव्हाक संघटनांनी करार केला. त्यात स्लोव्हाकियाला स्वतःचं प्रशासन, विधिमंडळ आणि न्यायालयं देण्याचं वचन होतं. ऑक्टोबरात देश जन्मला, पण सत्ता प्रागमध्येच एकवटली. शब्द फिरवला गेल्याची ही सल स्लोव्हाक मनात पुढची सत्तर वर्षं राहिली. १९६९ पासून कागदावर संघराज्य आलं, मात्र खरा कारभार कम्युनिस्ट पक्षाच्या हातात असल्यामुळे त्याला फारसा अर्थ नव्हता.

१९८९ मध्ये पक्षाची सत्ता गेली आणि तोच कागद जिवंत झाला. मोठ्या घटनात्मक बदलांसाठी संघाच्या संसदेतल्या राष्ट्रसभागृहात चेक आणि स्लोव्हाक सदस्यांचं तीन पंचमांश बहुमत वेगवेगळं लागायचं. प्रत्येक बाजूला ७५ सदस्य होते, त्यातले ३१ अडून बसले की काहीही अडवता येई. पहिला वाद पेटला देशाच्या नावावरून. १९९० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव्ह हावेल यांनी नावातला 'समाजवादी' हा शब्द काढण्याची सूचना केली. त्यावर स्लोव्हाक प्रतिनिधींनी 'चेको-स्लोव्हाक' असं मधल्या रेघेसह लिहिण्याचा आग्रह धरला. मार्चमध्ये चेक भाषेत रेघेविना आणि स्लोव्हाक भाषेत रेघेसह असा तोडगा निघाला. तो महिनाभरही टिकला नाही. एप्रिलमध्ये 'चेक आणि स्लोव्हाक संघराज्य' हे नाव ठरलं. एका रेघेवरून एवढं रण, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला मात्र ती मागणी क्षुल्लक वाटत नाही. आपलं नाव दुसऱ्याच्या नावात विरघळलंय, हे ज्याला रोज ऐकावं लागतं त्याच्यासाठी ती रेघ म्हणजे अस्तित्वाची खूण होती.

पुढे वाटाघाटींच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. फेब्रुवारी १९९२ मध्ये मिलोवी इथे तयार झालेला तडजोडीचा मसुदा स्लोव्हाक विधिमंडळाच्या अध्यक्षमंडळात एका मताने कमी पडला. जूनच्या निवडणुकीत चेक भागात व्हाक्लाव्ह क्लाउस आणि स्लोव्हाकियात व्लादिमीर मेचिआर जिंकले. एकाला झपाट्याने बाजारव्यवस्था हवी होती, तर दुसऱ्याला धीमा वेग आणि सैल संघ. १७ जुलैला स्लोव्हाक विधिमंडळाने सार्वभौमत्व जाहीर केलं आणि तीन दिवसांनी हावेल यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं. ऑगस्टच्या अखेरीस बर्नो शहरातल्या टुगेंधात बंगल्यात दोन्ही नेत्यांनी विभाजनाचं वेळापत्रक ठरवलं. सार्वमताच्या मागणीवर लाखो लोकांनी सह्या केल्या होत्या, तरी ते घेतलं गेलं नाही. नेते एकमेकांशी बोलले, लोकांना विचारलं नाही. या विभाजनातली ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

मात्र एकदा ठरल्यावर जे झालं ते शिकण्यासारखं आहे. इमारती आणि जमीन जिथे आहे तिथल्या देशाची. बाकी मालमत्ता लोकसंख्येनुसार दोनास एक. लष्कराची सामग्रीही याच मापाने वाटली गेली. जकात संघ, मुक्त प्रवास, चांगल्या शेजाराचा करार असे अनेक करार फारकतीच्या दिवसाआधीच सह्या होऊन तयार होते. समान चलन निदान सहा महिने चालवायचं होतं, पण ते सहा आठवड्यांतच मोडलं. स्लोव्हाक चलनाची किंमत घसरेल या भीतीने पैसा चेक बाजूला धावू लागला. ८ फेब्रुवारीला नोटांवर शिक्के चिकटवून चलनं वेगळी करण्यात आली. तेव्हाही भांडण न करता परस्पर देणी भागवण्यासाठी हिशेबाची स्वतंत्र व्यवस्था लावण्यात आली आणि ती १९९५ पर्यंत चालली.

सगळंच निस्तरलं असं नाही. जुन्या संघराज्याची चिन्हं कुणी वापरायची नाहीत असा कायदा असूनही चेक बाजूने जुना ध्वज ठेवला, आणि ते स्लोव्हाकांना लागलं. प्रागमध्ये अडकलेलं चार टनांहून अधिक स्लोव्हाक सोनं परत मिळायला २००० साल उजाडलं. सर्वांत जास्त भरडले गेले ते रोमा (जिप्सी) लोक. पिढी-दोन पिढ्यांपूर्वी कामासाठी चेक भागात आलेल्या अनेकांचं नागरिकत्व कागदोपत्री स्लोव्हाक होतं. नव्या चेक कायद्यात पाच वर्षांत गुन्हा नसल्याची अट असल्यामुळे कित्येक जण राहत्या घरीच परके ठरले. हा कायदा पुढे १९९६ आणि १९९९ मध्ये सैल करण्यात आला.

२००४ मध्ये दोन्ही देश एकाच दिवशी युरोपीय संघात गेले. २०१२ पासून दोन्ही मंत्रिमंडळांच्या संयुक्त बैठका सुरू झाल्या. मार्च २०२४ मध्ये युक्रेन युद्धाबद्दलच्या मतभेदांवरून चेक सरकारने त्या थांबवल्या. त्या काळातही स्लोव्हाक विद्यार्थी चेक विद्यापीठांत शिकतच होते, आणि चेक सरकारी कचेरीत स्लोव्हाक भाषेतला अर्ज भाषांतराविना चालतच होता.