ओखाच्या जेटीवरचा सुईसारखा मासा

भाचा मागच्या डिसेंबरात द्वारकेला गेलेला, तिथून रात्री ओखाच्या जेटीवर काढलेला एक फोटो त्याने फॅमिली ग्रुपवर टाकला. लाईटच्या उजेडात, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, हातभर लांब, बारीक, चांदीसारखा मासा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्या म्हणाल्या वाम आहे, कोणी म्हणालं स्वोर्डफिशचं पिल्लू, मी फोटो झूम केला आणि आधी चोच बघितली.

असा लांबुळका मासा वर वर पोहताना दिसला ना, की पहिले जबडे बघायचे. वरचा-खालचा दोन्ही लांब आणि आत टोकदार दातांची रांग, तर तो नीडलफिश, कोकणात टोळ म्हणतात तो. फक्त खालचाच जबडा लांब आणि वरचा आखूड तिकोनी असेल तर हाफबीक. दोघं एकमेकांचे नातेवाईक, उडणारे मासेपण याच गोतावळ्यातले. पण एक लक्षात ठेवा, नीडलफिशच्या पिल्लाचा खालचा जबडा आधी वाढतो, त्यामुळे लहानपणी ते हुबेहूब हाफबीक वाटतं, म्हणून बोटभर पिल्लावरून लगेच निकाल द्यायचा नाही. वाम इथे बसतच नाही, कारण तिला अशी चोच नसते, आणि नीडलफिशचे पाठीवरचा न् पोटाखालचा पर दोन्ही पार मागे, शेपटीजवळ समोरासमोर असतात.

बाकीचं सगळं शरीर तो राहतो त्या जागेसाठीच बनलंय. पाठ निळसर हिरवी, म्हणजे वरून पक्ष्याला नुसतं पाणीच दिसावं, आणि पोट चंदेरी, खालून बघणाऱ्याला आकाशाच्या उजेडात ते मिसळून जावं. पाण्यातली हालचाल ओळखणारी जी रेघ बहुतेक माशांच्या कुशीवर मधोमध असते ती याच्या पोटाच्या कडेने जाते, मला तर हे फार पटतं, डोक्यावर पाणीच नाही तर चाहूल खालूनच लागणार ना. अंड्यांनापण चिकट धागे असतात, ती तरंगत्या शेवाळाला वगैरे अडकून राहतात.

रात्री उजेड दिसला की हा जोरात पाण्याबाहेर उडी मारतो, आणि ती चोच माणसाला खरोखर भोसकते, असे जीवघेणे अपघात झालेत. म्हणून भाच्याला लगेच फोन करून सांगितलं, मोबाईलचा टॉर्च लावून पाण्यावर वाकू नकोस रे बाबा.

आणि याची हाडं हिरवी असतात! बिलिव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्यामुळे, मुका मार लागल्यावर आपल्या कातडीवर जो हिरवट डाग उमटतो ना, त्यातलंच हे. ताटात काटा हिरवा दिसला म्हणून मासा खराब समजून टाकू नका, खायला चांगला असतो.

भाच्याच्या फोटोत दोन्ही जबडे लांब होते, दातही दिसत होते, म्हणजे नीडलफिशच. आत्यांना आता तो प्रत्यक्ष बघायचाय, पण त्यासाठी ओखापर्यंत जायलाच पाहिजे असं नाही, त्याचा गोड्या पाण्यातला भाऊ आपल्या नर्मदेतही राहतो, तेव्हा येत्या रविवारी चांदोदला जाऊ, नावेत बसू आणि काठाच्या संथ पाण्यात वरचा वीतभर थर नीट बघू.