वेग दुप्पट, हवा आठपट: साठीत रेसिंगचं खूळ लागलेल्यांसाठी

मध्यंतरी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ६८ वर्षांच्या इंडियनने मिठाच्या मैदानावर मोटरसायकल ताशी २९६ किलोमीटरने पळवली, खाली तिरंगा, जोडलेले हात, आणि खरा भारतीय असाल तर पुढे पाठवा. मी लिहिलं की बाबांनो यातलं मीठ खरंय, वय खरंय, वेगही खरा आहे, फक्त इंडियन हे त्या माणसाचं नाही तर गाडीचं नाव आहे, अमेरिकन कंपनी आहे ती, चालवणारा बर्ट मन्रो न्यूझीलंडचा आणि ही गोष्ट १९६७ची. ग्रुप चिडीचूप. अर्ध्या तासानं समोरच्या काकांचा फोन, "ओ सर, ते मीठ कुठंशी हाय?"

काका ६२ वर्षांचे, आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात फिटरकीत गेलेलं, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनं लेथ मशीन आणि एक १०० सीसीची गाडी जिच्या टाकीचा मूळ रंग कुठला हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी आपलं सरळ उत्तर दिलं की अमेरिकेत युटा राज्यात, बॉनव्हिल म्हणतात त्याला, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी हे लँड स्पीड रेसिंग म्हणजे काय ते थोडक्यात. इथं शेजारी दुसरी गाडी नसते. वळण नाही, ओव्हरटेक नाही, एक लांबलचक सपाट पट्टा, त्यावर तुम्ही एकटे, आणि ठरलेल्या एका मैलात तुमचा सरासरी वेग मोजला जातो. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही १९३७ सालची संस्था, तिचा बॉनव्हिलवरचा स्पीड वीक १९४९ पासून भरतोय आणि तिथं येणारे बहुतेक लोक हौशी असतात, स्वतःच्या शेडमध्ये स्वतः बनवलेली गाडी घेऊन. इंजिनाची साइज, बॉडीचा प्रकार, इंधन असे ढीगभर वर्ग आहेत, त्यामुळं ५० सीसीवाल्यालाही त्याच्या वर्गात रेकॉर्ड करता येतो. नवख्याला पहिल्याच दिवशी २०० मैलांचा वेग गाठू देत नाहीत, आधी १२५ मैलांच्या आत चालवून दाखवा मग १५०, मग १७५ असं लायसन पायरीपायरीनं मिळतं. काकांना हे फार आवडलं, म्हणाले आमच्या खात्यात पण हेल्परचा एकदम फिटर व्हायचा नाही.

आता वयाचं. हा खेळ म्हाताऱ्यांना कसा झेपतो हा प्रश्न मला दहा जणांनी विचारला. माल्कम कॅम्पबेल या ब्रिटिश रेसरनं १९३५ साली बॉनव्हिलवरच कारमधून ताशी ३०१ मैल, म्हणजे ४८४ किलोमीटर गाठले तेव्हा तो ५० वर्षांचा होता. एब जेन्किन्सनं १९४० साली सलग २४ तास सरासरी १६१ मैलांनी गाडी पळवली तेव्हा तो ५७ वर्षांचा आणि वर सॉल्ट लेक सिटीचा महापौर, आता आपल्याकडचे महापौर डोळ्यापुढं आणून बघा. आणि मन्रोनं ६३व्या वर्षी तिथं पहिला रेकॉर्ड केला. आश्चर्य वाटतं खरं, पण गणित करा. तीन मैलांत म्हणजे पावणेपाच-पाच किलोमीटरमध्ये शून्यावरून २९६ वर जायचं असेल तर सरासरी त्वरण, म्हणजे वेग वाढायचा दर, निघतं दर सेकंदाला सेकंदी ०.७ मीटर, गुरुत्वाच्या सात टक्के. स्टँडवरनं लालपरी निघते तेव्हा उभ्या माणसाला जेवढा हिसका बसतो त्यातलाच प्रकार. तरण्याताठ्या मानेची गरज नाही. रिफ्लेक्स वयानुसार मंदावतात हे खरंय, पण इथं गर्दीतनं वाट काढायची नसते, धीर धरायचा असतो. धोका आहे, भरपूर आहे, म्हणून तर हेल्मेट, लेदर सूट, वेगवान गाड्यांना पॅराशूट हे सगळं तपासूनच सोडतात. हार्ट आणि डोळे मात्र आधी दाखवून घ्या, काकांना पण मी तेच सांगितलंय.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी मी एवढं टाइप करतोय. मन्रोनं १९२० साली घेतलेली ती इंडियन स्काउट नवी असताना ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर पळायची. काकांची १०० सीसी? मीटरवर ९५ दाखवते पण मोबाइलच्या जीपीएसवर ८६-८८. (मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवून चालत नाही असा नियम असतो, म्हणून कंपन्या थोडं जास्तच दाखवणारे मीटर बसवतात. कट्ट्यावरचे अर्धे रेकॉर्ड इथंच निकालात निघतात.) म्हणजे दोघांची सुरुवात एकाच ठिकाणाहून. मन्रो तिथून २९६ वर गेला, तीन पूर्णांक एक तृतीयांश पटीच्या थोडं वर. मग इंजिनाची ताकद किती पट लागेल? काका म्हणाले साडेतीन पट. गल्लीतलं सगळं पब्लिक म्हणालं साडेतीन पट.

नाही. अडतीस पट.

हे असं का ते एकदा डोक्यात बसलं की रस्त्यावरची प्रत्येक गाडी वेगळी दिसायला लागते. हवा रिकामी नसते, आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात सुद्धा एका घनमीटर हवेचं वजन एक किलोच्या वर भरतं. गाडी पुढं जाते म्हणजे ती हवा बाजूला ढकलते. वेग दुप्पट केला की सेकंदाला दुप्पट हवा समोर येते, आणि तिच्यातल्या प्रत्येक किलोला दुप्पट वेगानं बाजूला करावं लागतं, म्हणजे रेटा झाला चौपट. हे शाळेतलं वर्गाचं गणित झालं. पण ताकद म्हणजे रेटा गुणिले वेग, आणि वेग तर दुप्पट केलाय आपण, म्हणून चारचे झाले आठ. वर्ग नाही, घन. ८८ च्या वेगाला काकांच्या गाडीला नुसती हवा कापायला अंदाजे साडेपाच हॉर्सपॉवर लागतात, चेनचं आणि टायरचं घर्षण वेगळं. त्याच आकाराची गाडी २९६ वर न्यायची तर अडतीस पट म्हणजे दोनशेच्या वर. १९२० च्या इंजिनाला ६०० वरून ९५० सीसी केलं, जुन्या डब्यांत पिस्टन ओतले, ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कनेक्टिंग रॉड घडवले, हे सगळं मन्रोनं केलं, तरी दोनशे घोडे त्यातनं निघणं शक्य नव्हतं. मग? आकार बदलला. माशासारखं लांबट कवच, आत तो जवळजवळ पालथा. अडतीस पट ताकद आणण्यापेक्षा हवेलाच कमी काम लावलं.

आता काका काही फॉर्म्युल्यावर विश्वास ठेवणारे नाहीत, "करून दाखवा" म्हणाले. हायवेवर असले उद्योग करायचे नाहीत, मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या रेसिंग आणि स्पीड ट्रायललाच लागतं. (सोलापूर-विजापूर हायवेनं २०२१ साली १८ तासांत साडेपंचवीस किलोमीटर लेन टाकून रेकॉर्ड केला होता, पण तो रस्ता करायचा वेग होता, पळवायचा नाही.) ओळखीच्या एका बंद कारखान्याच्या आवारात सरळ सिमेंटचा रस्ता आहे, मालकाला विचारून रविवारी सकाळी सहाला गेलो. टेस्ट एकदम सोपी, ६० च्या थोडं वर न्यायची, क्लच दाबून न्यूट्रल करायची आणि ६० वरून ५० वर उतरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघायचं. काका ताठ बसले तर साडेपाच सेकंद. मग टाकीवर छाती टेकवली, कोपरं आत, हनुवटी मीटरजवळ, तर सात सेकंद. जाताना, येताना, पाच-पाच वेळा. इंजिन तेच, टायर तेच, पेट्रोल तेच, फक्त माणूस वाकला. त्या दीड सेकंदावर आम्ही कँटीनच्या बंद शटरपुढं बसून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खात तासभर बोललो. घर्षण वजा करून हिशेब केला तर ताठ बसलेल्या काकांना हवा जेवढी अडवत होती, ती वाकल्यावर तीस टक्के कमी झाली होती. एक रुपया खर्च न करता.

जाताना आणि येताना मोजायचं हे महत्त्वाचं आहे, आणि इथं मी जरा खोलात जाणार आहे, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडून द्या.

वारा मागून असेल तर वेग वाढतो हे सगळ्यांना माहितीय, पण किती? ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर १५ नं वाढेल असं वाटतं. तसं होत नाही. हवेचा रेटा ठरतो तो हवेच्या तुलनेत तुमचा वेग किती यावर, त्याच्या वर्गावर, पण ताकद काढताना त्याला गुणायचं ते जमिनीवरच्या वेगानं कारण चाक जमिनीला ढकलतंय. म्हणजे तीन वेग गुणले जातायत, त्यातल्या दोघांतून वारा वजा होतो आणि एकातून होत नाही. इंजिनाची ताकद तीच ठेवून हे सोडवलं की उत्तर येतं दोन तृतीयांश. १५ चा वारा मागून आला तर फायदा १० चा, समोरून आला तर तोटा पण जवळपास १० चा. जवळपास म्हटलं कारण वारा जोरात असेल तर दोन्ही बाजू अगदी बरोबर कटत नाहीत, तो वर्गाचा शिल्लक राहिलेला तुकडा असतो, तो जाऊ दे. म्हणून कारच्या जागतिक विक्रमाला उलटसुलट दोन फेऱ्या एका तासाच्या आत कराव्या लागतात आणि सरासरी धरतात. अँडी ग्रीननं चालवलेली थ्रस्ट एसएससी ही जेट इंजिनाची कार १५ ऑक्टोबर १९९७ ला आवाजाच्या वेगापुढं गेली, ताशी १२२७.९८५ किलोमीटर, ती पण अशीच दोन्ही बाजूंनी. आणि सरासरी काढणाऱ्या माणसाची पण चूक होते, मन्रोच्या १९६७ च्या रेकॉर्डमधली आकडेमोड २०१४ साली दुरुस्त झाली, १८३.५८६ मैलांचे १८४.०८७ झाले. तो बिचारा १९७८ मध्येच गेला होता.

परत काकांकडं. हे कळल्यावर त्यांनी मधल्या वेळात एक चूक केली, मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, लहान बसवलं. कुठल्याशा गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं की मागचं लहान केलं की टॉप स्पीड वाढतो. कागदावर वाढतो, प्रत्यक्षात गाडी ८० च्या पुढं जाईना. कारण तेच घनाचं, हवा मागते तेवढी ताकद इंजिन ज्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जेवढ्या फेऱ्यांना, देतं तिथं ते पोचलंच नाही, खालीच धापा टाकत बसलं. गिअरिंग ताकद तयार करत नाही, असलेली ताकद योग्य जागी वापरतं एवढंच. त्याच गॅरेजवाल्यानं पेट्रोलच्या पाइपवर लावायचं एक मॅग्नेट पण विकलं होतं, म्हणे पेट्रोलचे कण सरळ रांगेत येतात. पेट्रोल काय शाळेची प्रार्थना आहे का? त्या मॅग्नेटनं काहीही होत नाही, हँडलला बांधलेल्या लिंबू-मिरचीनं होतं तेवढंच, फक्त लिंबू-मिरची स्वस्त आहे आणि थोडासा ड्रॅग, म्हणजे हवेचा रेटा, वाढवते. मी लिंबू काढायला लावलं नाही कारण काकूंनी बांधलंय, त्या वादात विज्ञान हरतं.

अजून एक प्रश्न येतो, सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा विरळ होते मग गाडी जास्त पळायला पाहिजे की. हवा विरळ होते हे खरंय, समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा मे महिन्यात आपल्याकडं अंदाजे १४ टक्के विरळ, आणि बॉनव्हिल तर पावणेतेराशे मीटर उंचीवर, तिथं अजून विरळ. पण साधं इंजिन तीच हवा ओढतं, ऑक्सिजन कमी तर ताकद कमी, जे एका हातानं मिळालं ते दुसऱ्या हातानं गेलं. टर्बोवाल्यांची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्यांची, गोष्ट वेगळी.

आणि मिठावर एक उलटंच प्रकरण असतं, तिथले लोक गाडीत मुद्दाम शिशाचं वजन भरतात. आपल्याला वाटतं हलकी गाडी जोरात. पण मीठ डांबरासारखं टायरला धरत नाही, वेगात हवेचा रेटा एवढा वाढतो की चाक जागच्या जागी घसरायला लागतं, म्हणून टायरवर दाब पाहिजे, आणि वेग घ्यायला मैलच्या मैल मिळत असल्यानं वजनाचा तोटा फारसा जाणवत नाही. शिसं ठेवायचं ते शक्यतो पुढच्या बाजूला, म्हणजे बाणासारखं, जड टोक पुढं आणि पिसं मागं, नाहीतर गाडी फिरते. ते मीठ पण आता भरवशाचं राहिलं नाही, २०१४ आणि २०१५ ला स्पीड वीक रद्द झाला, २०२२ ला पाणी साचलं म्हणून पुन्हा रद्द.

काका काही युटाला निघालेले नाहीत, तिकिटाचा आकडा ऐकून त्यांनी विषय बदलला. पण शेड सुटत नाही. मागच्या रविवारी मी त्यांना सांगितलं की हवेचा मार पुढच्या बाजूला कमी, मागच्या बाजूला जास्त असतो. गोल चेंडू आणि तेवढ्याच जाडीचा, मागं निमुळता होत गेलेला थेंब, यांच्या रेट्यात जवळपास दहापटीचा फरक पडतो, आणि तो सगळा शेपटीचा. विश्वास बसला नाही. मग त्यांनीच युक्ती काढली, कारखान्यातून रंगीत सुताच्या लडी आणल्या, बोटभर लांबीचे तुकडे केले आणि काकूंकडून शर्टाच्या पाठीवर, सीटच्या मागं, टेललाइटवर चिकटपट्टीनं डकवून घेतले. मुलगा दुसऱ्या गाडीवर मोबाइल घेऊन शेजारी. वेग ५० च.

व्हिडिओ शेडमध्ये बसून स्लो करून बघितला. खांद्यावरचे दोरे मागच्या बाजूला सरळ ताठ, कंगव्यानं विंचरल्यासारखे. कमरेवरचे वेड्यासारखे फडफडणारे. आणि टेललाइटवरचे दोन लाल दोरे चक्क उलटे, गाडी जातेय त्याच दिशेला पुढं झुकलेले, म्हणजे काकांच्या पाठीमागं हवा भोवरा होऊन त्यांच्याबरोबरच चालली होती आणि इंजिन तिला फुकट ओढत होतं.

काकांनी तेवढाच तुकडा चार वेळा मागं घेऊन बघितला. मग नातवाला हाक मारली, किराणा दुकानातनं मोठ्यातला मोठा पुठ्ठा आण म्हणून.