चार अंशांच्या पाण्यात मासा किती खातो?

इंग्लंडमध्ये हिवाळ्यात कालव्यावर गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा भरतात. स्टॅफर्डशरमधून जाणाऱ्या ट्रेंट अँड मर्सी कालव्याचंच उदाहरण घ्या. जानेवारीतली सकाळ, काठावरच्या गवतावर पांढरं दहिवर, आणि पंधरा-वीस मीटर अंतर राखून ओळीने बसलेले स्पर्धक. कोणी कुठे बसायचं हे पिशवीतून चिठ्ठी काढून ठरलेलं असतं आणि ती जागा बदलता येत नाही. दहाच्या सुमारास शिट्टी होते, पाच तासांनी दुसरी. दरम्यान धरलेले मासे जाळीच्या लांब पिशवीत पाण्यातच जिवंत ठेवायचे, वजन झालं की परत सोडायचे. ज्याचं वजन जास्त, तो जिंकला.

कडाक्याच्या थंडीत हे वजन काहीशे ग्रॅमही असू शकतं. गळाला लागणारे मासे असतात रोच, पर्च, गजन. गजन तर बोटभर लांबीचा, दहा-वीस ग्रॅमचा मासा. असे मासे एकेक करून जमवायचे, तेही ते जेमतेम तोंड उघडत असताना. अनुभवी स्पर्धक सांगतात की हिवाळ्यात बहुतेक जण हरतात ते पाण्यात मासे नसतात म्हणून नव्हे, तर माशांना जास्त खायला घातल्यामुळे. मला हे विधान फार मोलाचं वाटतं, कारण त्यात माशाच्या शरीरशास्त्राचा मोठा भाग सामावलेला आहे.

आधी पाणी समजून घेऊ. ट्रेंट अँड मर्सी कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने त्याची आखणी केली होती, पण काम संपायच्या आधी, १७७२ मध्येच तो वारला. पाणी झिरपू नये म्हणून त्या काळी कालव्याच्या तळाला मळलेल्या चिकणमातीचा थर देत. त्यावर अडीचशे वर्षांचा गाळ साचत आला आहे. मधोमध, बोटी जातात तिथे, पाणी दीडेक मीटर खोल असतं आणि दोन्ही कडांना ते उथळ होत जातं. पलीकडच्या काठाला झुडपं पाण्यावर ओणवलेली असतात.

पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, म्हणून तळ्याच्या पृष्ठावर बर्फ धरला तरी तळाशी चार अंशांचं पाणी राहतं, हे आपण शाळेत शिकलो. खोल, निवांत तळ्यात ते खरंच. पण दीड मीटरच्या कालव्यात वारा पाणी ढवळतो आणि निरभ्र रात्री वरून उष्णता निघून जाते. लागोपाठ दोन-तीन रात्री कडक गारठा पडला की वरपासून तळापर्यंत सगळंच पाणी गार होतं. माशाला खाली जाऊन ऊब शोधायची सोय उरत नाही.

माशाच्या शरीराचं तापमान म्हणजे जवळपास पाण्याचंच तापमान. तापमान दहा अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हा ढोबळ नियम लावून उन्हाळ्यातलं १८ अंशांचं पाणी आणि जानेवारीतलं ४ अंशांचं पाणी यांची तुलना केली, तर माशाचा शारीरिक खर्च उन्हाळ्याच्या एक तृतीयांश ते एक पंचमांश इतकाच राहतो. खर्चच नाही तर भूक कुठून येणार?

पचनही तितकंच रेंगाळतं. त्यातच रोच, गजन, ब्रीम हे कार्प कुळातले मासे, आणि या कुळाला जठर नसतं. आपल्या बाजारातले रोहू, कटला, मृगळ हे याच कुळातले. रोहू साफ करताना पोटातून निघणारं आतड्याचं लांबलचक वेटोळं अनेकांनी पाहिलं असेल. घशातल्या दातांनी अन्न चिरडायचं आणि थेट आतड्यात ढकलायचं, अशी ही रचना. साठवण करायला पिशवीच नाही. आतडं भरलेलं आणि पचन मंदावलेलं असेल तर मासा पुढचा घास घ्यायला बराच वेळ लावतो. मत्स्यशेती करणारे आपल्याकडचे शेतकरीही थंडीत खाद्य कमी करतात ते याच कारणाने; न खाल्लेलं खाद्य तळाला कुजतं.

म्हणजे मासा गारठून नुसता निपचित पडतो का? नाही, आणि हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. पेशींची आवरणं मेदाची बनलेली असतात. थंडीत तूप थिजतं आणि तेल पातळ राहतं, तसाच प्रश्न या आवरणांपुढेही असतो: संपृक्त मेद जास्त असेल तर आवरण ताठरतं आणि त्यात बसलेली प्रथिनं नीट काम करत नाहीत. लिव्हरपूल विद्यापीठातल्या अँड्र्यू कॉसिन्स यांच्या गटाने कार्प माशावर काम करून १९९६ मध्ये दाखवलं की पाणी थंड होऊ लागलं की यकृतात डीसॅच्युरेज नावाचं विकर वाढतं आणि ते संपृक्त मेदाम्लांचं असंपृक्तात रूपांतर करतं. आवरणं पुन्हा लवचीक होतात. स्नायूंमध्येही बदल होतात. थंडीला सरावलेल्या कार्पच्या स्नायूंत मायोसिन या प्रथिनाचे वेगळे प्रकार तयार होतात आणि थंड पाण्यातली त्याची हालचाल सुधारते.

मात्र हे सगळं व्हायला काही दिवस, काही बाबतींत काही आठवडे लागतात. कालव्यावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की पाणी आठवडाभर चार अंशांवर स्थिर असेल तर मासे थोडे का होईना खातात. पण नऊ अंशांवरून एकाएकी पाचावर आलं, तर पाच अंश असूनही दिवस कोरडा जातो. शरीर जुन्या तापमानासाठी जुळवलेलं आणि पाणी नवं, असा तो मधला काळ. त्या लोकांच्या अनुभवाला याहून समाधानकारक स्पष्टीकरण मला दिसत नाही.

आता मासे असतात कुठे? हिवाळ्यात लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली चढवण्या-उतरवण्यासाठी कालव्यात बांधलेल्या दारांच्या, दुरुस्त्या निघतात, बोटी कमी फिरतात, गाळ खाली बसतो आणि एरवी चहासारखं दिसणारं पाणी नितळ होतं. रोचला दिसू लागतं, तसंच पाइक या शिकारी माशालाही. दक्षिण स्वीडनमधल्या क्रांकेशॉन सरोवरात क्रिस्टर ब्रॉनमार्क आणि सहकाऱ्यांनी रोचच्या अंगात छोट्या इलेक्ट्रॉनिक खुणा बसवून त्यांचा माग काढला. शरद ऋतूत त्यांतले कितीतरी मासे सरोवर सोडून लगतच्या ओढ्यांत जातात आणि वसंतात परततात. ओढ्यात खायला कमी, पण शिकारीही कमी. थंडीत भूकच उतरलेली असल्यामुळे जेवणापेक्षा जीव वाचवणं फायद्याचं ठरतं. इंग्लंडच्या नॉरफोक ब्रॉड्स या उथळ जलाशयांतही हिवाळ्यात रोच आणि ब्रीम बोटी नांगरून ठेवलेल्या धक्क्यांपाशी दाटीवाटीने जमतात. कालव्यावरही तेच: पुलाखाली, उभ्या बोटींच्या आडोशाला शंभर मासे आणि पुढच्या दोनशे मीटरवर एकही नाही.

मासे असे पुंजक्यांनी असले की चिठ्ठीवर सगळं अवलंबून राहील. म्हणून कालव्याच्या लांबीचे गट पाडतात आणि प्रत्येक स्पर्धकाची तुलना आधी आपल्या गटातल्या शेजाऱ्यांशी होते. शेतीच्या प्रयोगांत जमिनीचा कस जागोजागी वेगळा असतो, म्हणून संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉदमस्टेड शेती संशोधन केंद्रात शेताचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात वाणांच्या जागा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ठरवण्याची पद्धत रूढ केली. कालव्यावरची पद्धत तिचीच बहीण आहे. तरीही टोकाच्या जागेला थोडा फायदा राहतोच, कारण तिला एका बाजूला शेजारी नसतो.

खाद्याकडे वळू, कारण खरा निकाल तिथे लागतो. थंडीतलं सर्वांत प्रभावी आमिष म्हणजे कायरोनोमिड या न चावणाऱ्या, डासासारख्या कीटकांच्या लालभडक अळ्या. त्या गाळात रेशमी नळ्या विणून राहतात. गाळात प्राणवायू कमी, म्हणून त्यांच्या शरीरद्रवात हिमोग्लोबिन असतं, रंग त्याचाच. दीड-दोन सेंटिमीटरची मोठी अळी गळाला लावतात आणि तिची बारीक भावंडं, ज्यांना तिथे जोकर म्हणतात, चिकणमातीच्या भुकटीत मिसळून पाण्यात सोडतात. कालव्याच्या तळाशी मासा रोज जे वेचून खातो, तेच हे अन्न असल्यामुळे अर्धवट झोपेतला मासाही त्याला नाकारत नाही. मातीचा गोळा तळाला जाऊन हळूहळू फुटतो, अळ्या सुटतात, गढूळ ढग उठतो. वास आणि हालचाल भरपूर, पण पोट भरेल इतकं काही नाही. सुरुवातीला लिंबाएवढा गोळा आणि नंतर मासा खातोय असं दिसलं तरच चिमूटभर, असा अनुभवी हाताचा हिशेब असतो. हौशी माणूस मासा लागत नाही म्हणून आणखी एक गोळा टाकतो आणि उरलेली दुपारही घालवतो.

काठी कार्बन तंतूंची, तुकडे जोडत तेरा-चौदा मीटरपर्यंत वाढवता येणारी. तिला रीळ नसतं. टोकाच्या पोकळीतून रबराचा धागा ओवलेला असतो; मासा ओढतो तेव्हा झटका तो झेलतो, म्हणून ०.०८ मिलिमीटरसारखं केसाएवढं तंगूसही तुटत नाही. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांपासून किमान तीस मीटर दूर बसण्याची सूचना तिथे कसोशीने पाळली जाते.

फ्लोट म्हणजे तंगुसाला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी बारीक कांडी; ती बुडाली की मासा लागल्याचं कळतं. तिचं टोक जवळून पाहण्यासारखं असतं. ते ०.८ मिलिमीटर जाडीचं धरा आणि पाण्यावर एक सेंटिमीटर उरलेलं धरा. त्या भागाचं आकारमान होतं पाच घन मिलिमीटर, म्हणजे ते बुडवायला माशाला फक्त पाच मिलिग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. पण पाण्याचा पृष्ठताण त्याच बारीक टोकाच्या परिघावर जवळजवळ १९ मिलिग्रॅमपर्यंत बल लावू शकतो, म्हणजे तरंगण्याच्या बलाच्या तिपटीहून जास्त. म्हणूनच टोकाला ग्रीसचा हात लावला की पाणी त्याला चिकटत नाही आणि ते वर उचललेलं राहतं. ग्रीस पुसलं की तेच टोक खाली खेचलं जातं. खाली शिशाचे कण लावून हा तोल साधतात. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅमांदरम्यानच्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे, कारण तळातले खडे गिळताना हंस ती वजनंही गिळत आणि विषबाधेने मरत. त्याहून बारीक कण मात्र चालतात.

स्पर्धक एकाच ठिकाणी पाच तास गळ टाकत नाही. मधली खोल वाट, अलीकडचा उतार, पलीकडच्या झुडपाखालचा उथळ भाग अशा तीन-चार जागा तो आधीच थोड्या खाद्याने तयार ठेवतो. एका जागी मासे लागायचे मंदावले की ती सोडून दुसरीकडे जायचं. पण केव्हा? परिसरशास्त्रज्ञ एरिक चार्नोव यांनी १९७६ मध्ये भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्यांसाठी हाच प्रश्न गणिताने सोडवला. जागा पूर्ण रिकामी होईपर्यंत थांबू नये. तिथली मिळकत सगळ्या परिसरातल्या सरासरी मिळकतीइतकी उतरली की निघावं. जागा बदलायला जितका जास्त वेळ लागतो, तितकं अधिक थांबावं. चौदा मीटरची काठी मागे सरकवून पुन्हा पुढे न्यायला वेळ लागतोच, म्हणून लांबच्या जागेवर स्पर्धक थोडा अधिक रेंगाळतो.

गळातून सुटलेला मासा सगळा थवा उठवतो असं तिथे मानतात. त्यामागे शक्यता आहे. मधमाश्यांच्या नृत्याचा अर्थ लावणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो या छोट्या माशाबाबत दाखवलं की जखमी कातडीतून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि त्याच्या संपर्कात येताच बाकीचे मासे भेदरून पळतात. रोच त्याच मोठ्या गटातला. गळाची बारीक जखम त्याला पुरेशी असते का, हा पुढचा प्रश्न.

शेवटी वजनकाटा येतो. ओल्या जाळीतले मासे तोलून ग्रॅमपर्यंतचा आकडा नोंदवला जातो आणि मासे पाण्यात जातात. या नोंदी वर्षानुवर्षं साठत राहिल्या की त्यांचा वेगळाच उपयोग होतो. ट्रेंट नदीवरच्या १९६९ ते १९८४ या काळातल्या गळकऱ्यांच्या मिळकतीवरून संशोधकांनी नदीतल्या माशांच्या जाती कशा बदलत गेल्या हे तपासलं. नदीभर जाळी लावून दरवर्षी गणती करण्याइतका पैसा कोणाकडेच नसतो. इथे शेकडो माणसं ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेत, एकाच पद्धतीने मासे धरून, तोलून, लिहून ठेवत होती.