एकशे त्रेचाळीस सामने आणि चौदा वर्षे

फेब्रुवारी २०२१ मध्ये सॅन डिएगो पॅड्रेस या बेसबॉल संघाने फर्नांडो टाटिस ज्युनियर या शॉर्टस्टॉपशी (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाशी) १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार केला. टाटिस तेव्हा २२ वर्षांचा होता आणि मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) त्याचे १४३ सामने झाले होते, म्हणजे १६२ सामन्यांचा एक पूर्ण हंगामही नव्हे. एवढ्या तोकड्या पुराव्यावर एखाद्या संघाने इतका मोठा पैसा इतक्या लांबच्या काळासाठी बांधून टाकावा का, हा प्रश्न खेळाइतकाच संख्याशास्त्राचाही आहे.

आधी नियम पाहू. मेजर लीगमध्ये आलेला नवा खेळाडू साधारण सहा हंगाम त्याच संघाकडे बांधलेला असतो. पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात, पुढच्या तीन वर्षांत वेतनावर एकमत झाले नाही तर लवाद आकडा ठरवतो आणि त्यानंतरच तो ‘फ्री एजंट’ होऊन खुल्या बाजारात उतरू शकतो. टाटिस २०१९ मध्ये पदार्पण केलेला, त्यामुळे २०२४ पर्यंत तो तसाही पॅड्रेसचाच होता. म्हणजे त्या १४ वर्षांपैकी पहिली चार वर्षे संघाच्या हातात आधीच होती, आणि नव्याने विकत घेतली ती २०२५ ते २०३४ ही दहा वर्षे, म्हणजे खेळाडूच्या वयाची २६ ते ३५. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एकूण रक्कम झळकते, पण कराराचे मोल ठरते ते या नव्या वर्षांवरून.

आता पुराव्याकडे वळू. बेसबॉलमधली फलंदाजीची सरासरी म्हणजे हिटची (फलंदाजाला बेस गाठून देणाऱ्या फटक्यांची) संख्या भागिले ‘ॲट-बॅट’ची (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांची) संख्या; क्रिकेटमधल्या सरासरीशी तिचा संबंध नाही. समजा एखाद्या फलंदाजाची खरी क्षमता ०.२७० आहे. त्याने ५०० वेळा फलंदाजी केली, तर निव्वळ योगायोगाने त्याची सरासरी वर-खाली होण्याचे प्रमाणित विचलन सुमारे ०.०२० येते. याचा अर्थ असा की क्षमतेत काडीचाही फरक न पडता तोच फलंदाज एखाद्या वर्षी ०.२९० चा तारा दिसेल आणि एखाद्या वर्षी ०.२५० चा सामान्य खेळाडू. टाटिसची २०१९ मधली सरासरी ३३४ ॲट-बॅटमध्ये ०.३१७ होती. त्या वर्षी त्याने मारलेल्या आणि क्षेत्ररक्षकांच्या आवाक्यातल्या मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी सुमारे ४१ टक्के चेंडूंवर त्याला हिट मिळाले. लीगमध्ये हे प्रमाण वर्षानुवर्षे ३० टक्क्यांच्या आसपास असते. वेगवान धावपटूला थोडा फायदा मिळतो हे खरे, पण अकरा टक्क्यांचा फरक केवळ पायांच्या जोरावर टिकत नाही. तो टिकला नाहीच: २०२० मध्ये त्याची सरासरी ०.२७७ झाली, २०२१ मध्ये ०.२८२ आणि २०२३ मध्ये ०.२५७.

अशा वेळी विश्वास नेमका किती ठेवायचा, याचे एक सुंदर उत्तर संख्याशास्त्राकडे आहे. चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले की तीन किंवा त्याहून अधिक गोष्टींचा अंदाज एकत्र बांधायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतःची निरीक्षित सरासरी हा सर्वोत्तम अंदाज नसतो. प्रत्येक आकडा सगळ्यांच्या सामाईक सरासरीकडे थोडा ओढला तर एकूण चूक कमी होते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संशोधकांनी हे तत्त्व बेसबॉलवरच लावून दाखवले. त्यांनी १९७० च्या हंगामातले १८ फलंदाज घेतले, प्रत्येकाच्या पहिल्या ४५ ॲट-बॅटवरून त्याच्या उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला आणि तो प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहिला. आकडे ०.२६५ या सामाईक सरासरीकडे ओढल्यावर एकूण वर्ग-त्रुटी (प्रत्येक अंदाजातल्या चुकीच्या वर्गांची बेरीज) मूळच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरली.

या १८ जणांत पिट्सबर्गचा रॉबर्टो क्लेमेंटे होता आणि मला त्याचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. पहिल्या ४५ मध्ये १८ हिट, म्हणजे सरासरी ०.४००. सूत्राने त्याला ०.२९० पर्यंत खाली ओढले. उरलेल्या हंगामात तो ०.३४६ ने खेळला, जवळजवळ दोन्हींच्या मधोमध. सूत्र इथे तोकडे पडले, कारण त्याला फक्त ते ४५ ॲट-बॅट दिसत होते. क्लेमेंटेने त्याआधी चार वेळा लीगमध्ये सर्वोच्च सरासरी नोंदवली होती, हे सूत्राला ठाऊक नव्हते. नव्या खेळाडूबाबत संघाला हेच काम करायचे असते. मेजर लीगचे सामने थोडे असले तरी मायनर लीगची (मेजर लीगखालच्या तयारीच्या स्पर्धांची) अनेक वर्षे, चेंडू बॅटवरून सुटतानाचा वेग, धावण्याचा वेग, वाईट चेंडू सोडून देण्याची नजर, हे सगळे पूर्वज्ञान हाताशी असते आणि १४३ सामन्यांची झळाळी त्याच्यासोबत तोलून पाहावी लागते.

वयाचे गणित मात्र कठोर आहे. फलंदाज साधारण पंचविशीच्या उत्तरार्धात बहरात असतो. धावण्याचा वेग त्याहून आधीच उतरू लागतो, ताकद काही वर्षे टिकते आणि चेंडू पारखण्याची नजर तिशीनंतरही साथ देते. पस्तिशीतही उत्तम खेळणारे फलंदाज पाहून आपण फसतो, कारण त्या वयापर्यंत मैदानात उरतात तेच मुळात असामान्य असतात. जे गळाले ते त्या सरासरीत नसतात. म्हणून अभ्यासक एकाच खेळाडूची लागोपाठची दोन वर्षे शेजारी ठेवून उतार मोजतात.

मग संघ हा सौदा का करतात? कोकणात मोहोर बघूनच आंब्याची बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली जाते, तेव्हा बागायतदार थोड्या कमी भावात निश्चिंती विकत घेतो आणि वादळाची जोखीम व्यापारी उचलतो. इथेही तोच व्यवहार आहे. खेळाडूकडे एकच गुडघा, एकच खांदा आणि एकच कारकीर्द असते. टाटिसने तर मायनर लीगमध्ये असतानाच भविष्यातल्या कमाईचा काही हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला देऊन आगाऊ रक्कम घेतली होती. गरिबीतून किंवा अनिश्चिततेतून आलेल्या मुलाने हातची खात्री पत्करावी यात काही वावगे नाही, पण तिची किंमत कधी कधी फार असते. अटलांटा ब्रेव्हजने २०१९ मध्ये ओझी अल्बीसला सात वर्षांसाठी अवघ्या साडेतीन कोटी डॉलरमध्ये बांधले, तो करार मला आजही अन्यायकारक वाटतो.

संघाची बाजू वेगळी असते, कारण तो अनेक खेळाडूंवर जोखीम पसरवू शकतो. ब्रेव्हजने अल्बीससोबत रोनाल्ड अकुन्या ज्युनियर, ऑस्टिन रायली, मायकल हॅरिस आणि स्पेन्सर स्ट्रायडर यांनाही लांब मुदतीचे करार दिले. अकुन्याच्या दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध २०२१ आणि २०२४ मध्ये एकेक करून फाटले, स्ट्रायडरच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, तरीही अनेक करारांच्या बेरजेत एखादी दुखापत संघाला बुडवत नाही. २०२३ मध्ये अकुन्याने ४१ होम रन (चेंडू थेट कुंपणाबाहेर जाणारे फटके) आणि ७३ चोरलेल्या बेस (फटका नसताना धावून गाठलेले पुढचे टप्पे) अशी आधी कोणालाही न जमलेली कामगिरी केली, तेव्हा त्याचे वेतन १.७ कोटी डॉलर होते. अंदाज चुकला तरी लवकर आणि स्वस्तात केलेला करार झेपतो. ह्यूस्टनने २०१४ मध्ये जॉन सिंगलटनला पदार्पणाआधीच पाच वर्षांसाठी एक कोटी डॉलर देऊ केले, त्या हंगामात त्याची सरासरी ०.१६८ राहिली, आणि तरीही तीन वर्षांनी त्याच संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे विजेतेपद, जिंकले.

टाटिसच्या करारात पैसे शेवटाकडे वाढत जातात. २०२९ ते २०३४ या काळात दरवर्षी ३.६ कोटी डॉलर. पाच टक्के व्याजदर धरला तर २०३४ मधल्या त्या रकमेचे २०२१ मधले मोल सुमारे १.९ कोटी भरते, त्यामुळे करार दिसतो तितका महाग नाही. जे गणितात बसत नव्हते तेही घडले: मनगटाची दुखापत आणि बंदी असलेल्या द्रव्यासाठी ८० सामन्यांचे निलंबन यांमुळे २०२२ चा पूर्ण हंगाम गेला. २०२३ मध्ये तो शॉर्टस्टॉपऐवजी बाह्य मैदानाच्या उजव्या भागात क्षेत्ररक्षक म्हणून परतला आणि तिथल्या उत्तम क्षेत्ररक्षकांत गणला गेला.

करार न करण्याचीही किंमत असते. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केले, त्याने ते नाकारले आणि संघाने त्याला पॅड्रेसला देऊन बदल्यात तरुण खेळाडूंचा गट घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याच सोटोशी १५ वर्षांचा ७६.५ कोटींचा करार केला.

म्हणून माझे मत असे की संघाने तरुण ताऱ्याला जरूर बांधावे, पण वर्षांची संख्या किती यापेक्षा शेवटचे वर्ष कोणत्या वयात पडते ते आधी पाहावे. अकुन्याचा करार २०२६ मध्ये संपतो आणि पुढची दोन वर्षे, प्रत्येकी १.७ कोटी डॉलरमध्ये, घ्यायची की सोडायची हे संघाच्या मर्जीवर आहे. ती दोन्ही घेतली तरी शेवटच्या हंगामात त्याचे वय ३० असेल. टाटिसचा करार त्याच्या ३५ व्या वर्षापर्यंत चालणार आहे आणि त्यात संघाला मध्येच थांबण्याची सोय नाही.